पहारा नसलेली डबी

 

“हे परीक्षेत येणार का, सर?” हा प्रश्न वर्गात मुले विचारतात, वर्गाबाहेर पालक. आज मी परीक्षेत न येणारी गोष्ट सांगणार आहे.

अमेरिकेत सिअ‍ॅटल आणि एव्हरेट या शहरांदरम्यान १९१० साली विजेची रेल्वे सुरू झाली. पुढे मोटारी वाढल्या, उतारू घटले आणि १९३९ साली ती बंद पडली. त्या मार्गाच्या बऱ्याच भागावर आज पायी व सायकलने जाणाऱ्यांसाठी वाट आहे.

अशा वाटांवर तेथे ‘जिओकॅशिंग’ हा खेळ चालतो. एकाने डबी लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे; इतरांनी उपग्रहांच्या साहाय्याने ती शोधायची. मे २००० च्या आरंभी अमेरिकन सरकारने नागरी उपग्रह-संदेशांत मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात पहिली डबी ठेवली गेली.

शोधणाऱ्याने डबीतल्या वहीत नाव लिहावे, वस्तू घेतल्यास तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, डबी पुन्हा जागेवर ठेवावी. पहारा कोणाचाच नसतो. आपण यालाच अमानत म्हणतो.

पालकहो, मोबाईलने मुले बिघडतात अशी आपली तक्रार असते. एका रविवारी त्याच मोबाईलवर गावाचे अक्षांश-रेखांश शोधायला मुलाला सांगा, मुलीलाही सांगा. आणि मित्रांनो, परीक्षेत पर्यवेक्षक पाठमोरा झाला की ही डबी आठवा.