दोष कारखान्याचा, भुर्दंड आपल्याला का?



माल बाजारात न्यायला आपण कर्ज काढून टेम्पो घेतो. ब्रेक लागत नाही अशी तक्रार केली, की एजन्सीवाला म्हणतो, 'ओव्हरलोड करता तुम्ही.' मग तोच दोष त्याच मॉडेलच्या गावोगावच्या गाड्यांत कसा?

मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम ११०-अ आले. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले. दोष धोक्याचा ठरला, तर सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकते. खर्च कंपनीचा.

गाडी मात्र सात वर्षांच्या आतली हवी, आणि एका मॉडेलच्या किती मालकांनी तक्रार केली, हे मोजले जाते. म्हणून एकट्याने भांडून भागत नाही. सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर प्रत्येकाने तक्रार नोंदवा, जॉबकार्ड जपा. मॉडेलवार यादी आजच्या बैठकीतच करू.

आपण फुकट काही मागत नाही. पैसे मोजले आहेत, ब्रेक लागला पाहिजे.