पगारपत्रकाबाहेरची किंमत

एर्मानो ओल्मी यांच्या १९६३ सालच्या ‘ई फिदान्झाती’ या इटालियन चित्रपटात संप नाही, मोर्चा नाही, दुष्ट मालकही नाही. मिलानचा वेल्डर जोव्हान्नी बढतीच्या आशेने सिसिलीतील नव्या रसायन कारखान्यात जातो. वृद्ध पित्याला वृद्धाश्रमात ठेवावे लागते; वाग्दत्त वधू लिलियाना मागे राहते. कथानक एवढेच.

त्या काळी दक्षिणेतील लाखो श्रमिक पोटासाठी उत्तरेकडे निघाले होते. ओल्मी उलटा प्रवास दाखवतात. भांडवल जिकडे वळेल तिकडे माणसाने जावे, हा नियम मात्र दोन्ही वाटांवर एकच. वीज कंपनीत नोकरी करताना तिच्या कामगारांवर अनुबोधपट काढणाऱ्या ओल्मींना हे जीवन जवळून ठाऊक होते. म्हणूनच परक्या गावातला रिकामा रविवार ते इतक्या संयमाने दाखवू शकतात.

जवळ असताना अबोल झालेले हे दोघे पत्रांतून पुन्हा बोलू लागतात. त्याचे श्रेय ताटातुटीला देणे ही भूल ठरेल; ते त्या दोघांच्या निष्ठेचे आहे. कामाच्या तासांचे मोल मागणाऱ्या चळवळीने हरवलेल्या सहवासाचाही हिशेब मागितला पाहिजे.