निबंधाची वही आणि वाक्याची जबाबदारी

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हापासून राजकारण, अर्थकारण, धर्मचिकित्सा आणि वाङ्मय असे भारदस्त विषय ऐकण्याची सवय महाराष्ट्रातील श्रोतृवर्गाला जडलेली आहे. अशा परंपरेतल्या व्यासपीठावरून एका शाळकरी मुलीच्या निबंधाच्या वहीविषयी बोलण्याची मुभा मागणे म्हणजे श्रोत्यांच्या औदार्याची परीक्षा पाहणेच होय. तथापि हा विषय मी बुद्धिपुरस्सर निवडला आहे. प्रौढ वयात आपण जे अर्ज, अहवाल, भाषणे आणि वृत्तपत्रांतील पत्रे लिहितो, त्यांच्या गुणदोषांचे मूळ बहुतेक वेळा शाळेतल्या त्या दोन पानांत सापडते. आणि आपले सार्वजनिक लेखन एवढे आवेशपूर्ण असूनही एवढे निराधार का असते, या प्रश्नाचा माग काढीत गेल्यास आपण आठवीच्या वर्गाच्या दारापाशीच जाऊन पोहोचतो.

मराठी शालेय निबंधाचे घराणे विष्णुशास्त्री चिपळूणकरांपासून सांगावे लागते. १८७४च्या जानेवारीत त्यांनी ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा ते सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. १८७९ साली त्यांनी ती चाकरी सोडली आणि पुढल्याच वर्षी सहकाऱ्यांसह न्यू इंग्लिश स्कूल काढले. मालेचे ८४ अंक निघाले, आणि त्या अंकांनी मराठी गद्याला जो डौल दिला, जी लढाऊ वृत्ती दिली, प्रतिपक्षाला बोलते करून निरुत्तर करण्याची जी हातोटी दिली, तिचा ठसा पुढे कित्येक वर्षे मराठी शिकवणाऱ्यांच्या मनावर राहिला. शास्त्रीबोवांची मते कोणाला पटोत वा न पटोत, त्यांच्या आवेशामागे संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मयाचा दांडगा व्यासंग उभा होता. शाळेच्या फळ्यावर मात्र आवेश तेवढा उतरला, व्यासंग कपाटातच राहिला. मग आरंभी एखादे सुभाषित, मध्ये तीन मुद्दे आणि अखेरीस ‘आपण सर्वांनी मिळून प्रयत्न केले पाहिजेत’ हा समारोप, असा एक शिरस्ता पडला. गाइडांनी तो छापला, अपेक्षित प्रश्नसंचांनी तो घरोघर नेला, आणि ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ लिहिणाऱ्या मुलाने आयुष्यात एकही पुस्तक फाटेपर्यंत वाचलेले नसले तरी त्याचे काही अडेनासे झाले.

माझ्यापुढे ज्या वह्या आहेत त्या सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात दहावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या आहेत. तिच्या मराठीच्या बाईंनी शालान्त परीक्षेपूर्वी वर्गाला एक वेगळेच काम सांगितले: आठवीपासूनचे आपले निबंध आपणच वाचायचे आणि आपल्या लिहिण्यात काय पालटले ते दोन पानांत मांडायचे. त्या दोन पानांमुळेच मी या वह्यांकडे वळलो.

आठवीतला तिचा निबंध ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावर आहे. काळेकुट्ट मेघ, विजांचा थयथयाट, दुथडी भरून वाहणारी नदी आणि हिरवा शालू नेसलेली वसुंधरा, सर्व सरंजाम यथास्थित मांडलेला. खाली लाल शाईत चांगले गुण आणि अक्षराची तारीफ. सातारा जिल्ह्याचा भूगोल ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातली मौज लगेच कळेल. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, तर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या माणदेशात सरासरी पाचशे मिलिमीटरांच्या आसपास रेंगाळते, आणि तोही बहुधा परतीचा, उत्तरा-हस्ताच्या भरवशावरचा. दहावीतली ती मुलगी आपल्या आठवीतल्या निबंधाविषयी लिहिते, की त्या साली मृग कोरडा गेला होता, आर्द्राही कोरड्या गेल्या होत्या, माणगंगेच्या पात्रात वाळूखेरीज काही नव्हते, आणि हा निबंध पाठ करीत असताना ती टँकरच्या रांगेत घागर लावून बसली होती. तिने कोणाला दोष दिलेला नाही. आपल्या डोळ्यांपुढचे आपल्या वहीत येऊ शकते ही गोष्टच तेव्हा तिला माहीत नव्हती, एवढेच ती नमूद करते.

ही गोष्ट तिला कळली ती नववीत, आणि एका पुस्तकामुळे कळली. शाळेच्या ग्रंथालयात तिला व्यंकटेश माडगूळकरांचे ‘माणदेशी माणसं’ मिळाले. १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचा लेखक माणदेशातल्याच माडगूळ गावचा, औपचारिक शिक्षण अर्धवट राहिलेला. त्याने आपल्या मुलखातली साधी, उपेक्षित माणसे कोणताही शालू-शेला न पांघरता वाचकांपुढे उभी केली. आपल्या गावच्या माणसांसारखी माणसे छापील पुस्तकात बसू शकतात, याचे त्या मुलीला इतके नवल वाटले, की ‘एका स्थळाला दिलेली भेट’ हा विषय येताच वर्गातील बहुतेक मुले प्रतापगडाच्या सहलीवर गेली असताना ती आपल्या आज्याबरोबर चारा छावणीत गेली. त्या निबंधात जनावरांची दावण आहे, उसाचे वाढे आहेत, पेंड कधी मिळते आणि कधी चुकते याचा तपशील आहे, गाईच्या कानातला बिल्ला आहे, आणि घरून आलेली भाकरी खाऊन रात्री गोठ्याशेजारी आडवा होणारा आजा आहे. गुण आठवीपेक्षा कमी पडले, कारण निबंधाला आरंभ नव्हता आणि शेवटही नव्हता. तिचा स्वतःचा अभिप्राय याहून मार्मिक आहे: पाहिले ते सगळेच लिहिले, त्यामुळे आजा आणि छावणीच्या फाटकावरचा फलक यांना सारखीच जागा मिळाली.

दहावीचा निबंध वैचारिक आहे, पाण्याच्या वाटपाविषयी. त्याच्या पहिल्या खर्ड्याचा शेवट ‘शासनाने याकडे गांभीर्याने लक्ष द्यावे’ या वाक्याने झाला होता. आपल्या राज्यात एवढ्या वेळा लिहिले गेलेले दुसरे वाक्य क्वचितच सापडेल. बाईंनी समासात प्रश्न टाकला: शासन म्हणजे नेमके कोण? मुलगी ग्रामपंचायतीत गेली, ग्रामसेवकाला भेटली, आणि तिला समजले की टँकर हवा तर आधी गावाने ठराव करावा लागतो, मागणी पंचायत समितीकडे जाते, पाहणी होते, मग मंजुरी येते. येथपर्यंतचे तिच्या अपेक्षेबरहुकूम होते. पण मंजूर झालेला टँकर गावात आल्यावर कोणत्या विहिरीत रिता व्हावा, कोणत्या वस्तीला शेवटी पाणी मिळावे, हे मात्र तालुक्याच्या कचेरीतून ठरत नव्हते, गावातच ठरत होते; आणि ज्या आळीला पाणी सर्वांत आधी मिळत होते ती तिची स्वतःची आळी होती. दुसऱ्या खर्ड्यात शासनाला उद्देशून केलेले आवाहन गेले आणि त्या जागी वस्त्यांनी पाळी बांधून घेण्याची सूचना आली, जी तिच्या शेजाऱ्यांना खचितच रुचली नसणार. पुरावा गोळा करता करता लेखिकेचा निष्कर्ष तिच्याच सोयीच्या विरुद्ध गेला, आणि तो तिने जाऊ दिला. मी ज्याला वाढ म्हणतो ती या ठिकाणी दिसते.

कोर्टात उभ्या राहिलेल्या साक्षीदाराकडून कायदा जे अपेक्षितो तेच निबंधकाराकडून वाचकाने अपेक्षावे. आपण स्वतः काय पाहिले, इतरांकडून काय ऐकले आणि या दोहोंवरून काय अनुमान केले, या तिन्ही गोष्टी साक्षीदाराला वेगळ्या ठेवता आल्या पाहिजेत. आठवीत ही मुलगी न पाहिलेल्या प्रसंगाची जबानी देत होती. नववीत तिने डोळ्यांदेखतचे सांगितले. दहावीत ती उलटतपासणीला उभी राहिली, आणि उलटतपासणी घेणारीही तीच होती. शब्दसंपत्ती, अलंकार, शुद्धलेखन ही सर्व वाढायला हवीत यात संशय नाही. परंतु प्रत्येक वाक्याला ‘हे तुला कसे कळले?’ असे विचारण्याची सवय जडली नाही, तर या संपत्तीने केवळ पोकळ लेखनाची शोभा वाढते.

शाळकरी वयात हे घडू शकते काय, अशी शंका कोणी घेईल, तर मराठीच्या इतिहासात तिचे उत्तर निबंधमालेच्याही आधी लिहिलेले आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीने, वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि ‘ज्ञानोदय’ने तो १८५५च्या फेब्रुवारी व मार्चमधील अंकांत छापला. त्यात पेशवाईतील जुलमांचे दाखले आहेत, डोक्यावर छप्पर नसताना बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या यातना आहेत, आणि वेद जर केवळ एका वर्णाचे तर मग आमचा धर्मग्रंथ कोणता, असा तर्काने बांधलेला रोकडा सवाल आहे. एवढेच करून ती थांबत नाही. अस्पृश्य मानलेल्या जातींनीही आपसांत पाळलेल्या उच्चनीचतेवर ती बोट ठेवते आणि शिक्षणाची वाट दाखवते. तिच्यापुढे कोणते गाइड नव्हते. जे लिहावयाचे त्याची किंमत ठाऊक होती, आणि ते ऐकणारे गुरुजन लाभले होते. माझ्या मते निबंधशिक्षणाचे सारे साहित्य एवढेच आहे.

आपल्या जुन्या लेखनाकडे परत जाण्याची चाल थोर निबंधकारांनीही सांभाळलेली आहे. फ्रान्समधील माँतेन्यने १५८० साली आपले निबंध प्रथम छापले आणि १५९२ साली मृत्यू येईपर्यंत तो आपल्याच छापील प्रतीच्या समासांत भर घालीत राहिला. इंग्लंडात बेकनच्या निबंधसंग्रहात १५९७ साली १० निबंध होते, १६१२ साली ३८ झाले आणि १६२५ साली ५८. अध्ययनाविषयीचा त्याचा निबंध पहिल्या आवृत्तीतच होता, तरी शेवटच्या आवृत्तीत तो पुन्हा हाताखालून काढून विस्तारलेला आहे. प्रौढ, कीर्तिमान लेखक जर आपल्या वाक्यांची अशी वारंवार हजेरी घेतात, तर आपण मुलांच्या वह्या दरवर्षी मे महिन्यात रद्दीच्या तराजूत कोणत्या न्यायाने घालतो?

यावर शिक्षकबंधूंची कैफियत मी जाणतो. एकेका वर्गात साठ-सत्तर मुले, परीक्षेत निबंधाला मिळणारा वेळ तुटपुंजा, आणि गठ्ठ्यांनी उत्तरपत्रिका तपासणाऱ्या परीक्षकाला साच्याचा आधार हवासा वाटणे स्वाभाविक. पाठांतराचाही मी वैरी नाही. चांगले गद्य मुखोद्गत असलेल्या मुलाच्या कानाला वाक्याची लय कळते, आणि कोणतीही कला आरंभी अनुकरणानेच हाताला बसते. आक्षेप आहे तो अनुकरणाच्या पायरीवरच मुलाला दहावीपर्यंत बसवून ठेवण्याला आणि तेवढ्यावर त्याला पसंतीचे गुण देण्याला.

म्हणून माझी सूचना खर्चाची नाही. निबंधाच्या वह्या आठवीपासून शालान्त परीक्षेपर्यंत शाळेच्या दप्तरी जपाव्यात. प्रत्येक वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याने त्या वाचून आपल्या लेखनाविषयी एक पान लिहावे. आणि शिक्षकाने निदान एका निबंधाच्या समासात गुणांऐवजी प्रश्न लिहावा. त्या पानाला गुणपत्रिकेत रकाना नसेल, तो नसलेलाच बरा. रकाना मिळाला की त्याचेही गाइड निघेल. पण ‘शासन म्हणजे नेमके कोण?’ हा प्रश्न जिने स्वतःच्या वाक्याला विचारून पाहिला आहे, ती उद्या ग्रामसभेत उठून उभी राहील तेव्हा तिला मोघम उत्तर देऊन खाली बसवणे कोणाला साधणार नाही. आणि अशी माणसे गावोगाव निर्माण व्हावीत याच हेतूने तर रानड्यांच्या पिढीने व्याख्यानमाला सुरू केल्या होत्या.