परक्याने ठेवलेले नाव



‘वेल्श’ हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण ज्यांचे ते नाव, त्यांनी ते ठेवलेले नाही. जुन्या इंग्रजीत त्याच्या मूळ शब्दाचा अर्थ होता ‘परका’. अँग्लो-सॅक्सन लोक बाहेरून ब्रिटनमध्ये आले आणि तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्यांनाच त्यांनी परके ठरविले! पुढे त्याच शब्दाला ‘गुलाम’ असाही अर्थ चिकटला. बेल्जममधील वालून लोक, रुमानियातील वालाखिया, इतकेच काय, अक्रोडाचे ‘वॉलनट’ हे इंग्रजी नाव, ही सारी त्याच कुळातील. आपल्याकडे ‘यवन’ शब्दाने असाच प्रवास केला. मुळात तो आयोनियातील ग्रीकांचा वाचक, पुढे तो इतर परकीयांनाही लावला गेला.

हे लोक स्वतःला मात्र ‘कम्री’ म्हणतात. त्याचा मूळ अर्थ ‘देशबांधव’. दोन नावांतील हे अंतर आम्हांला फार बोलके वाटते.

1536 च्या कायद्याने वेल्समधील न्यायालयांत इंग्रजी सक्तीची झाली. एकोणिसाव्या शतकात काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवीत. पैज हरून पैसे बुडविणे यालाही इंग्रजीत ‘वेल्श’ हेच क्रियापद रूढ झाले. ते आजही त्या लोकांना झोंबते.

तरी भाषा टिकली. 1588 साली विल्यम मॉर्गन यांनी वेल्शमध्ये संपूर्ण बायबल दिले, त्याचा तिला मोठा आधार झाला. 2011 मध्ये तिला वेल्समध्ये कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. 2021 च्या शिरगणतीत वेल्समधील सुमारे 5 लक्ष 38 हजार लोकांनी आपणांस ती येते असे नोंदविले.

परक्याने दिलेले नाव पुसता येत नाही. पण आपल्या घरात आपण स्वतःला कोणत्या नावाने हाक मारतो, ते आपल्याच हाती असते.