वीतभर मासोळी

साकोली तालुक्यातल्या आपल्या एका बचत गटाची मी सचिव. गेल्या दिवाळीत मी इथं नव्हते, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेले होते. परत आल्यापासून जी ती विचारते, तिथं काय पाहिलं? मोठ्या इमारती, मोठी दुकानं, ते तर तुम्ही मोबाइलवर पाहताच. मी आज सांगणार आहे मासे धरायला गेले त्याबद्दल. ढिवराची लेक, ढिवराची सून, आणि एवढ्या लांब जाऊन केलं काय, तर मासे धरले! हसा खुशाल.

लेक राहते मिसुरी राज्यात. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई एकटीच राहते. पूर्वी शाळेची बस चालवायची. नवरा वारून दोन वर्षं झाली. नात जन्मली त्या दिवसापासून ती मला ‘ग्रँडमा’ म्हणायला लागली, मी तिला नुसतं ‘बाई’ म्हणायची. मला इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही. पण एकदा मी तिच्या अंगणात तिचे गळ पाहिले आणि हातानं मासा ओढून दाखवला, तेव्हापासून आमचं जमलं. जावयानं फोनमध्ये भाषांतराचं काहीतरी टाकून दिलं होतं, ते निम्मं खरं आणि निम्मं भलतंच बोलायचं.

नोव्हेंबरच्या मध्यावर ती म्हणाली, चल, तळ्यावर जाऊ. तळ्याचं नाव लेक ऑफ द ओझार्क्स. नावाला तळं, खरं तर धरण आहे. ओसेज नदीवर १९३१ साली बांध पुरा झाला आणि हे पाणी अडलं. आपल्या मालगुजारी तलावासारखं गोल नाही, अजगरासारखं वळणं घेत गेलेलं. गाडीनं तीन तास. जायच्या आधी लेकीनं माझा एका दिवसाचा परवाना काढला. बाई तिथली रहिवासी आणि पासष्टीच्या पुढची, तिला लागत नाही. मला मात्र गळ टाकायलासुद्धा सरकारचा कागद! माझ्या सासऱ्यानं ऐकलं असतं तर तंबाखू थुंकून हसला असता.

पहाटे पाचला निघालो आणि गाडीतच फोन आला. इथं दुपारचे साडेचार. आपल्या अध्यक्षताई. म्हणाल्या, बँकेचा हप्ता आलाय, दिवाळीची उधारी आहे, दोघींच्या घरी दवाखाना लागलाय. गटाच्या तळ्यात जाळं ओढू या म्हणतात सगळ्या. मी म्हटलं, ताई, बोटुकली श्रावणात सोडली. आता ती पाव किलोचीसुद्धा नसेल. होळीपर्यंत थांबलो तर दुप्पट-तिप्पट होईल, भावही वाढून मिळेल. त्या म्हणाल्या, तुम्ही तिकडे बसून सांगता. फोन कट झाला. ते वाक्य मला दिवसभर टोचत होतं.

तर तिथला मासा. त्याला क्रॉपी म्हणतात. रुपेरी, चपटा, अंगावर काळे ठिपके, आपल्या तव्यात दोन मावतील एवढा. त्यात दोन जाती, एक काळी, एक पांढरी. बाईनं पाठीवरचे काटे मोजायला शिकवलं. पाच-सहा काटे तर पांढरा, सात-आठ तर काळा. तोंडाची कातडी कागदासारखी पातळ. गळाला लागला की आपण हिसका देतो ना, तो दिला की तोंड फाटतं आणि मासा जातो. मी पहिले दोन असेच घालवले. बाई काही बोलली नाही, नुसता हात हळू वर उचलून दाखवला, झोपलेल्या लेकराखालून हात काढतो तसा.

उन्हाळ्यात तिथल्या खोल पाण्याचे थर पडतात, वर कोमट आणि खाली गार. थंडी लागली की वरचं पाणी गार होऊन जड होतं, खाली बसतं, आणि सगळं तळं ढवळून निघतं. त्या दिवसांत मासा पांगतो. पुढं पाणी निवळलं, की क्रॉपी पंधरा-वीस फूट खोलीवर, बुडालेल्या झाडोऱ्यात झुंडीनं येऊन थांबतो. म्हणून लोक मुद्दाम झाडं बुडवतात. फांद्यांना दगड बांधायचा आणि सोडायचं पाण्यात. आपण तळ्यात बाभळीचे काटे टाकतो ते चोराचं जाळं अडकावं म्हणून, तिथं टाकतात ते माशाला घर व्हावं म्हणून.

बाईच्या नवऱ्यानं अशी पुष्कळ झाडं बुडवली होती. कोणतं कुठं, ते एका वहीत लिहिलेलं. किनाऱ्यावरचं अमुक घर, त्याच्या धुराड्याच्या रेषेत इतकी पावलं, असं. तो गेल्यावर ती वही तिनं उघडली नव्हती. त्या दिवशी होडीत बसून उघडली. पहिल्या दोन जागी काही नाही. थंडीनं माझी बोटं वाकेनात. तिसऱ्या जागी तिनं दोरी सोडली, तळाला लागू दिली आणि थोडी वर घेतली. या माशाचे डोळे असे, की तो वरचं भक्ष्य बघतो, खालचं नाही. आमिष त्याच्या डोक्यावर राहिलं पाहिजे. गळाला जिवंत बारीक मासोळी लावली होती.

आणि लागला! मग तासभर लागतच राहिला. बाई हसत होती आणि डोळे पुसत होती. मी वहीकडे पाहिलं नाही, पाण्याकडे पाहत राहिले.

आता वीत सांगते. त्या तळ्यात नऊ इंचापेक्षा लहान क्रॉपी ठेवता येत नाही आणि दिवसाला माणशी पंधरापेक्षा जास्त नाही. नऊ इंच म्हणजे आपली वीत की! मी एक मासा वितीनं मोजला, बरोबर भरला, पिशवीत टाकायला गेले. बाईनं होडीवरची पट्टी पुढं केली. पाऊण बोट कमी. माझी वीतच आखूड, बायांनो! तिनं मासा पाण्यात सोडून दिला. मला राग आला, खोटं कशाला सांगू. आजूबाजूला चिटपाखरू नाही, बघतंय कोण? असे माझे चार मासे गेले.

दुपारी डबा खाताना मी फोनमधून विचारलं, का गं सोडतेस? ती म्हणाली, हा मासा तळ्यातच वसंतात अंडी घालतो, लहानपणीच काढला तर मोठा कधी होणार. मग म्हणाली, माझ्या भावाच्या शेततळ्यात उलटं आहे. लहान तळ्यात हाच मासा एवढा माजतो, की खायला पुरत नाही आणि सगळे खुजे राहतात. तिथं तो बारीकसुद्धा काढतो. हे मला फार पटलं. नियम तळं बघून असतो. आपली रोहू-कटला साचलेल्या तळ्यात अंडी घालतच नाही, आपण बीज विकत आणून सोडतो. म्हणजे आपल्याकडचा प्रश्न पिलावळीचा नाही, वजनाचा आणि पैशाचा आहे.

आमच्या दोघींच्या मिळून सतरा मासोळ्या झाल्या. घरी येऊन तिनं दोन्ही बाजूंचं मांस कापून काढलं आणि डोकी, काटे टाकायला निघाली. मी हातातून ओढून घेतली. तिनं मक्याच्या पिठात तुकडे तळले, मी डोक्यांचा लसूण-मिरचीचा रस्सा केला. नाक गळेपर्यंत खाल्लं तिनं.

रात्री अध्यक्षताईंना फोन लावला. जाळं ओढून झालं होतं. दीड क्विंटल निघालं, शंभर रुपये किलोनं व्यापाऱ्यानं नेलं, हप्ता भरला. मी गप्प बसले. चूक म्हणावं, तर ज्या बाईच्या घरी सलाइन लागलंय तिला मी होळीपर्यंत थांब कसं सांगणार? पण हे पुढच्या वर्षी पुन्हा होणार, हेही दिसत होतं.

परत आल्यावर बैठकीत मी हेच सगळं सांगितलं, आखूड वितीसकट. दोन तास भांडलो. शेवटी एवढं ठरलं, की महिन्याच्या बचतीतले प्रत्येकी वीस रुपये वेगळे ठेवायचे, ते फक्त दिवाळी ते होळी या काळातल्या अडचणीसाठी. दोघी अजून तयार नाहीत, त्यांचं म्हणणं की वीस रुपयेही कुठून आणायचे. त्यांच्याशी बोलणं चालू आहे. जाळ्यातून सुटलेली मासळी तळ्यात आहेच. परवा डोंग्यातून खाद्य टाकताना एक कटला वर आली, पाठ एवढी रुंद होती की अध्यक्षताईंनीच मला बोलावून दाखवली.