हरकतीची मुदत



पुण्यात शनिवारवाड्याच्या तटापासून हाकेच्या अंतरावर जुनी वस्ती आहे. दगडी जोतं, सागवानी खांब, कडीपाटाचं छत असे वाडे तिथं अजून उभे आहेत. काहींच्या भिंती फुगल्या आहेत, तुळयांना टेकू दिलेले आहेत. वाडा उतरवून नवं घर बांधावं असं मालकाला वाटलं, तरी त्याला ते बांधता येत नाही. शनिवारवाडा हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे आणि त्याच्या संरक्षित हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे. त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये बांधकाम करता येतं, पण परवानगी काढून. १६ जून १९९२ च्या आधीपासून उभ्या असलेल्या घराची डागडुजी करता येते. तीसुद्धा सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करून.

हे अंतर स्मारकाच्या भिंतीपासून मोजत नाहीत, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. आपलं घर नेमकं कोणत्या पट्ट्यात येतं, हे पुष्कळांना नकाशा पास करायला टाकल्यावरच कळतं.

हा नियम आला कसा, ते बघण्यासारखं आहे. प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा १९५८ चा. शंभर आणि दोनशे मीटरची अंतरं १९९२ मध्ये एका अधिसूचनेनं ठरली. पुढे काही बांधकामांना सवलतीनं परवानग्या दिल्या गेल्या, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि जानेवारी २०१० मध्ये सरकारनं वटहुकूम काढला. मार्चमध्ये त्याचा कायदा झाला. देशात केंद्राची सुमारे ३,७०० संरक्षित स्मारकं आहेत. त्या प्रत्येकाभोवतीच्या घरांना, दुकानांना, शेतांना बांधणारा हा नियम कायद्यात वटहुकमाच्या वाटेनं आला. ज्यांच्या दारात तो लागू होता, त्यांना वटहुकमाआधी कुणी विचारलं नाही.

शंभर मीटरची बंदी काढून टाका, असं मी मुळीच म्हणत नाही. जुन्या पायाशेजारी खोल खड्डा खणला, की जमिनीतलं पाणी वाट बदलतं, तट खचतो. एकदा बाजूला दहा मजली इमारत उभी राहिली, की ती कुणी पाडत नाही. २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालानं ९२ संरक्षित स्मारकं जागेवर नसल्याचं दाखवलं. पुढच्या शोधात त्यांतली बरीच सापडली, काही वाढत्या शहरांनी गिळली होती, काही धरणांच्या पाण्याखाली गेली होती, आणि २४ स्मारकांचा पत्ताच लागला नाही. कायदा कडकच हवा. मात्र जो कायदा शेजाऱ्याला शत्रू करतो, तो स्मारकाला फार दिवस वाचवू शकत नाही. दगड हलवला, रात्रीतून जेसीबी लागला, हे सगळ्यात आधी शेजाऱ्यालाच दिसतं.

आणि याच कायद्यात शेजाऱ्यासाठी दारं ठेवलेली आहेत. एखादी वास्तू राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून जाहीर करायची, तर सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ती राजपत्रात छापून भागत नाही. तिची प्रत त्या वास्तूजवळ ठळक जागी लावावी लागते. त्या दोन महिन्यांत वास्तूशी संबंध असलेल्या कुणालाही हरकत घेता येते, आणि सरकारला ती विचारात घ्यावी लागते. २०१० च्या दुरुस्तीनं आणखी एक दार उघडलं. प्रत्येक स्मारकासाठी वेगळ्या वारसा उपविधी करायच्या: भोवती उंची किती, दर्शनी भाग कसा, रस्ता-गटारं कशी. त्यांचा मसुदा राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण प्रसिद्ध करतं आणि हरकती-सूचनांसाठी तीस दिवस देतं. शनिवारवाडा भर पेठेत आहे, रायगड डोंगरावर, सिंधुदुर्ग समुद्रात. या तिघांच्या भोवतालाला एकच फूटपट्टी कशी लागेल? म्हणून तर स्मारकागणिक उपविधी. पण इतक्या वर्षांत फार थोड्या स्मारकांच्या उपविधी पुऱ्या झाल्या. मसुदे निघतात तेही इंग्रजी-हिंदीत. ते दिल्लीच्या संकेतस्थळावर लागतात आणि तीस दिवस कधी संपले, ते पेठेत कुणाला कळत नाही.

हरकतींनी काय होतं, असं विचारणाऱ्यांना मी मुंबईचं उदाहरण देतो. २०१५ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यात असंख्य चुका होत्या, वारसा वास्तूंच्या नोंदींतल्याही. लोकांनी नकाशे उलगडून आपली गल्ली, आपलं देऊळ, आपली शाळा शोधली आणि हजारोंनी हरकती दाखल केल्या. एप्रिलमध्ये सरकारला आराखडा दुरुस्त करून पुन्हा आणायला सांगावं लागलं.

संसदेतही लोकांना आपलं म्हणणं मांडता येतं. शंभर मीटरच्या आत केंद्राच्या सार्वजनिक कामांना मोकळीक देणारं विधेयक लोकसभेनं जानेवारी २०१८ मध्ये मंजूर केलं. राज्यसभेत ते प्रवर समितीकडे गेलं. अशा समित्या नागरिकांकडून लेखी निवेदनं मागवतात, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन. आपल्याकडून अशी किती निवेदनं जात असतील? २०१४ पासून केंद्राचं धोरणच आहे, की कायद्याचा मसुदा किमान तीस दिवस लोकांसमोर ठेवावा आणि सोप्या भाषेतलं टिपण सोबत द्यावं. हे धोरण आहे, कायदा नाही, त्यामुळे ते पाळलं जातंच असं नाही. त्याला कायद्याचं बळ मिळायला हवं, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी आपल्या गडांसाठी. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतली जिंजी. पन्हाळ्यावर गडाच्या आतच नगरपरिषद आहे, माणसं पिढ्यानपिढ्या राहतात. यादीत नाव जाण्याआधीच तिथल्या रहिवाशांनी आपली धास्ती बोलून दाखवली होती. त्यांना अभिमान नाही, असं कुणी समजू नये. आपल्या घराचं काय होणार हे त्यांना मराठीत, समोर बसून कुणीतरी सांगायला हवं. उपविधींचा मसुदा मराठीत निघावा, ग्रामसभेत आणि नगरपरिषदेत वाचला जावा, आणि तीस दिवस त्यानंतर मोजावेत.

तोवर आपल्या हाती आहे ते करू या. हरकत लिहिताना सिटी सर्व्हे किंवा गट नंबर घाला, स्मारकाच्या हद्दीपासूनचं अंतर लिहा, जुना फोटो असेल तर जोडा. मसुद्यातलं कोणतं कलम खटकतं आणि त्याऐवजी काय हवं, हे दोन्ही लिहा. नुसता विरोध फाइलीत पडून राहतो. पर्यायी वाक्य सुचवलं, तर ते टाळणं कठीण होतं. अर्जाची पोच मात्र तारखेसकट घ्या. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं, तर मुदतीत हरकत घेतली होती याचा तोच पुरावा असतो.