कुष्ठसेवा आणि मानवी हक्क



संयुक्त राष्ट्रसंघाचा मानवी हक्क पुरस्कार १९६८ पासून साधारणतः दर पाच वर्षांनी दिला जातो. १९८८ च्या मानकऱ्यांत त्या वेळी कारावासात असलेले नेल्सन मंडेला होते, तसेच महाराष्ट्रातील बाबा आमटेही होते. कुष्ठसेवेस स्वातंत्र्यलढ्याच्या शेजारी स्थान का मिळाले, याचा आपण विचार करावा.

कुष्ठरोग औषधाने बरा होतो. परंतु बऱ्या झालेल्या माणसासही गाव परत घेत नसे. वरोऱ्याजवळील आनंदवनात बाबांनी अशांना भिक्षा न देता शेती व हस्तोद्योग दिले. दया नव्हे, श्रमाचा व सन्मानाचा हक्क, ही त्यांची भूमिका होती.

कायदा मात्र फार मागे राहिला. १८९८ चा कुष्ठरोगी अधिनियम २०१६ साली रद्द झाला. घटस्फोटाच्या कारणांतून कुष्ठरोग वगळण्यास २०१९ साल उजाडले.

आता उरलेले काम आपले आहे. अंगावर बधिर चट्टा दिसल्यास तो लपवू नये. सरकारी दवाखान्यात उपचार विनामूल्य मिळतात. बऱ्या झालेल्या माणसास ग्रामस्थांनी पंगतीत बसवावे, शिक्षकांनी त्याच्या मुलांस वर्गात वेगळे काढू नये आणि अधिकाऱ्यांनी त्याचा अर्ज इतरांप्रमाणेच स्वीकारावा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.